कशात भरू?

पहाटे साडेचारला सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही रस्त्यावर गाडीच्या दिव्यात धावणारी पोरं दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी, एकाच्या मनगटावर घड्याळ आणि बाकीच्यांची नजर त्याच्यावर. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे असतात. वर्षभर हे चालतं. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात लोखंडी बारवर लटकून बीम मारायचे, रात्री घरी चार अंडी जास्त. मग अर्ज भरायचा दिवस उजाडतो. सायबर कॅफेत गर्दी असते, सर्व्हर अडकलेला असतो, आणि कॅफेवाला मान वर न करता विचारतो, "कशात भरू?" पोरगा मागे उभ्या मित्राकडे बघतो. मित्र म्हणतो, "जीडी टाक." झालं.

एकेक सेकंद तोडायला ज्याने महिने घातले, तो पुढची चार वर्षं आणि नशीब असेल तर त्यापुढची पंधरा वर्षं आपल्या हाताला काय काम असेल, हे पापणी लवायच्या आत ठरवून मोकळा होतो. भरतीच्या अकॅडम्यांत धावणं शिकवतात, गणित शिकवतात, मेडिकलमध्ये छाती कशी फुगवायची तेही सांगतात. यादीतल्या कोणत्या नावापुढे टिचकी मारायची हे मात्र कुणी बसवून सांगत नाही.

लष्कराच्या अग्निवीर भरतीची यादी तशी लहान आहे. जनरल ड्यूटी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची जीडी. मग टेक्निकल. मग ऑफिस असिस्टंट आणि स्टोअरकीपर, ज्याला मैदानावर अजूनही क्लार्कच म्हणतात. शेवटी ट्रेड्समन, त्यात दहावी पास आणि आठवी पास असे दोन भाग. मुलींसाठी लष्करी पोलिसांतली जीडी. २०२५ च्या भरतीत वयाची अट साडेसतरा ते एकवीस होती. २०२५ च्या भरतीपासून पात्रता असेल तर दोन ठिकाणी अर्ज करता येतो, त्यामुळे 'जीडी टाक' म्हणणाऱ्या मित्राला आता आणखी एक शब्द शोधावा लागतो.

गावात या यादीची उतरंड पक्की आहे. जीडी म्हणजे खरा फौजी. टेक्निकल म्हणजे हुशार पण जरा मऊ. क्लार्क म्हणजे खुर्चीवाला. ट्रेड्समनबद्दल तर घरचेही हळू आवाजात बोलतात. लग्न ठरवताना 'मिलिटरीत आहे' एवढंच सांगतात, कशात ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ही उतरंड फौजेने केलेली नाही, आपण केली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी पोरं चुकीच्या रांगेत उभी राहतात.

आधी जीडी. जीडी म्हणजे पायदळ आणि पायदळ म्हणजे रायफल, हा समज निम्माच खरा. जीडीत निवडलेला जवान तोफखान्यात जाऊ शकतो, रणगाड्यांच्या दळात जाऊ शकतो, इंजिनिअर्सकडे जाऊ शकतो. साधा शिपाईसुद्धा फौजेत सगळीकडे एकाच नावाने ओळखला जात नाही. पायदळात तो सिपाही, तोफखान्यात गनर, रणगाड्यांच्या दळात सवार (घोडे गेले, नाव राहिलं), इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईमध्ये क्राफ्ट्समन. प्रत्येक नावामागे दिवसभराचं वेगळं काम आहे. रणगाड्यातला सवार ड्रायव्हर असतो, गनर असतो किंवा वायरलेस सांभाळणारा ऑपरेटर असतो. सॅपर पूल बांधतो, सुरुंग पेरतो, सुरुंग काढतो.

यातली बरीच केंद्रं आपल्या अंगणातच आहेत. तोफखान्याचं केंद्र नाशिक रोडला, रणगाड्यांचं आणि यांत्रिक पायदळाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं नागपूरजवळ कामठीला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. सिग्नल्सचं एक प्रशिक्षण केंद्र गोव्यात आहे. पोरगा यांपैकी कुठे जाईल? अर्जात रेजिमेंटचा रकानाच नसतो. आपल्या हातात आहे तो प्रकार. दळ आणि पलटण गुणवत्ता यादी आणि रिकाम्या जागा ठरवतात. कोल्हापूरच्या पोराने मनात मराठा लाइट इन्फंट्री धरावी आणि त्याला हैदराबादच्या तोफखाना केंद्राचा कागद यावा, हे नेहमीचं आहे. त्यात कुणी फसवलेलं नसतं. एक आडवाट मात्र आहे. आजी-माजी सैनिकांच्या मुला-भावांसाठी आणि चांगल्या खेळाडूंसाठी रेजिमेंटची केंद्रं अधूनमधून स्वतःची भरती घेतात, तिला युनिट हेडक्वार्टर कोटा म्हणतात. बापाच्या पलटणीत पोरगा जातो तो बहुधा याच दाराने.

टेक्निकलची पात्रता वेगळी. बारावी सायन्स, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. जीडीला दहावीला ४५ टक्के पुरतात. हा फरक अर्जाच्या दिवशी लहान दिसतो, पण त्यामागे दोन वर्षांचं शिक्षण उभं असतं. टेक्निकलचा जवान मुख्यतः ईएमई, सिग्नल्स, इंजिनिअर्स, तोफखाना, हवाई संरक्षण अशा दळांत जातो. तिथे त्याच्या हातात गाडीचं इंजिन येईल, जनरेटर येईल, रडार येईल किंवा रेडिओ संच येईल. यातलं नेमकं काय, हे त्याला पुढे सेंटरमध्ये कळतं.

क्लार्कला मार्क सगळ्यांत जास्त लागतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. इंग्रजी आणि गणित किंवा हिशेबाचा विषय हवाच, आणि आता टायपिंगची चाचणीही असते. उंचीची अट मात्र सौम्य. महाराष्ट्रातल्या जीडी उमेदवाराला १६८ सेंटिमीटर लागतात, क्लार्कला १६२. एकशे पासष्ट सेंटिमीटरचा, पुस्तकात बरा असलेला पोरगा तीन वर्षं जीडीच्या मैदानावरून माघारी येतो आणि 'नशीब नाही' म्हणतो. नशिबाचा इथे काय संबंध? त्याच्याजोगं दार दोन हातांवर होतं. आणि खुर्चीवाला म्हणून हिणवलेला हाच माणूस पलटणीत सर्वांच्या रजा, पगार, बदल्या आणि कोर्टकचेऱ्यांचे कागद सांभाळतो. पलटणीत कुणाशी वाकडं घ्यायचं नसेल तर ते क्लार्कशी, असं जुने सुभेदार हसत सांगतात.

ट्रेड्समनवर थोडं थांबायला हवं. आचारी, न्हावी, धोबी, वाढपी, कारागीर. आठवी पासवाल्यांकडे मेस आणि सफाई. हे नागरी नोकर नव्हेत. वर्दी घालतात, कवायत करतात, रायफल चालवायला शिकतात, पलटणीबरोबर सीमेवर जातात. पाच हजार मीटर उंचीवर पाणी चौऱ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, डाळ साध्या पातेल्यात तासन्‌तास ठेवली तरी शिजत नाही. तिथे दीडशे माणसांना वेळेवर गरम जेवण देणाऱ्याला 'भांडीवाला' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या उंचीवर चहा करून बघावा. तरीही खरं ते सांगायला हवं. दहावी नापास झालेल्या पोराला फौजेत शिरायचं हेच एक दार आहे, आणि ज्याच्याकडे बारावीची गुणपत्रिका आहे त्याने कंटाळून या दारातून शिरू नये. काम हलकं आहे म्हणून नव्हे. त्याची बारावी तिथे कुणी विचारणार नाही म्हणून.

नौदल आणि हवाई दलाचं थोडक्यात सांगतो. नौदलात बारावीला गणित-भौतिक असलेल्यांसाठी एसएसआर, दहावीवाल्यांसाठी एमआर, आणि दोघांची सुरुवात ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर. हवाई दलाची अग्निवीर वायू भरती वेगळी परीक्षा घेऊन होते. आपल्या कोकणपट्टीतून नौदलाकडे जेवढे अर्ज जायला हवेत तेवढे जात नाहीत, असं माझं मत आहे. समुद्र रोज दिसतो म्हणून की काय, त्यावर नोकरी करावी असं वाटत नाही.

आता एक जुनी गोष्ट, कारण 'कशात भरू' हा प्रश्न विचारायची मुभासुद्धा सगळ्यांना सारखी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाची कल्पना डोक्यात घेतली आणि तिच्यानुसार भरतीची दारं उघडली आणि लावली. मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. महार समाजातलेच सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते, त्यांचा मुलगा पुढे बाबासाहेब आंबेडकर झाला. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जापासून मोजलं तर सत्तेचाळीस वर्षं. ज्याच्या जातीवरून ठरवलं होतं की तू कशातच भरायचं नाहीस, त्याच्या नातवाला रकाना मिळाला. आज अग्निवीरांची भरती सर्व जातींना, देशभर खुली आहे. कॅफेतल्या पोराला हे ठाऊक नसतं, आणि दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून ते त्याच्यापर्यंत पोचतही नाही.

त्याच महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर शिपाई म्हणून भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा पोस्टिंग झाल्या. धावपटू म्हणून भरती झालेला तो नव्हता. पलटणीच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला, मग स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. फौजेत शिरल्यावर अशी वळणं मिळतात, यात शंका नाही. पण ती मागून मिळतात, अर्जात भरता येत नाहीत. म्हणून साबळेचं नाव घेऊन 'जीडीतूनच सगळं होतं' असं सांगणाऱ्या अकॅडमीवाल्यापासून सावध.

मला त्याहून बोलकी वाटते ती रामा राघोबा राणेंची कथा. कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा माणूस १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला, हवालदार झाला, आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट. पुढच्या एप्रिलमध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेऱ्याहून राजौरीकडे फौज निघाली तेव्हा रस्त्यात सुरुंग होते, पाडलेली झाडं होती, तुटलेले पूल होते, आणि टेकड्यांवरून गोळीबार. ८ एप्रिलला पहिल्याच दिवशी राणेंच्या मांडीला जखम झाली. ते मागे गेले नाहीत. एकदा तर ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे गेले, हातात दोन दोऱ्या. एक ओढली की ड्रायव्हरने थांबायचं, दुसरी ओढली की पुढे घ्यायचं. ११ तारखेपर्यंत त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी रस्ता मोकळा केला. परमवीरचक्र हयातीत स्वीकारणारे ते पहिले. त्या चार दिवसांत त्यांच्या हाताला जे आलं ते सॅपरचं काम होतं: माती वाचणं, सुरुंग ओळखणं, झाड कुठून उडवायचं ते कळणं. ही विद्या खडकीच्या सेंटरने दिली आणि आठ वर्षांच्या नोकरीने मुरवली. 'इंजिनिअर्समध्ये काय, खड्डेच खणायचे' म्हणणारा फौजी अजून भेटतो. त्याला नौशेऱ्याचा रस्ता दाखवावा.

आणि मुरलीकांत पेटकर. इस्लामपूरचे, ईएमईतले. कुस्ती, बॉक्सिंगची आवड, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. पोहायला लागले ते उपचार म्हणून. १९७२ च्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांचं दळ बहुतेक जण गाळतात. मी ते मुद्दाम लिहितो, कारण गोळी क्राफ्ट्समनला लागत नाही, ही समजूत घेऊन टेक्निकलकडे येणारे आहेत. सुरक्षित म्हणून कुठलाही रकाना निवडू नये. तसा रकाना यादीत नाही.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि या निवडीचा भाव बदलला. आधी पंधरा-सतरा वर्षं नोकरी आणि मग पेन्शन, असा हिशेब होता. त्यात प्रकार चुकला तरी पेन्शन सांभाळून घ्यायचं. आता करार चार वर्षांचा, त्यातले पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणाचे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवून घेतात. बाकीचे बाविशी-पंचविशीत परत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले तीस टक्के दरमहा बाजूला, सरकार तेवढेच घालतं, आणि शेवटी व्याज सोडून १०.०४ लाखांचा सेवानिधी हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. केंद्रीय निमलष्करी दलांत आणि संरक्षण खात्याच्या नागरी जागांत परतलेल्यांसाठी आरक्षण ठेवलं आहे.

योजना बरी की वाईट, यावर चावडीवर रोज भांडणं होतात. ती इथे नकोत. पण दहा लाख घेऊन परतलेला चोवीस वर्षांचा पोरगा डोळ्यांपुढे आणा. एकाने चार वर्षं चौकीवर पहारा दिला, तगडा आहे, शिस्तीचा आहे. गावाकडे त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी आणि पोलीस भरतीची तयारी दिसते. दुसऱ्याने चार वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि जोडली. तिसऱ्याने स्टोअरचा हिशेब ठेवला. दहा लाख तिघांकडे सारखेच आहेत. ट्रॅक्टर घेऊन, बहिणीचं लग्न करून, घराचा स्लॅब टाकून ते दीड-दोन वर्षांत संपतात. मग उरतं ते हातात. यावरून जीडी वाईट असं मला म्हणायचं नाही. ज्याला पुढच्या पंचवीस टक्क्यांत राहायचंच आहे, ज्याचा पाय पळतो, ज्याला पलटण म्हणजे घर वाटतं, त्याने जीडीच घ्यावी आणि जीव ओतून करावी. पण ज्याच्याकडे टेक्निकलची पात्रता आहे आणि जो केवळ मित्रांबरोबर एका रांगेत राहायचं म्हणून जीडी भरतो, त्याला मी वेडा म्हणेन. रांग सेंटरच्या गेटवरच मोडते.

एक बाब गावात फार कमी बोलली जाते. साडेसतराच्या पोराची बारावी झालेली असेल तर शिपाई व्हायच्या आधी थेट अधिकारी होण्यासाठी एनडीएची परीक्षा आहे. साताऱ्यात १९६१ पासून सैनिक शाळा आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. अधिकारी होण्याची वाट शिपाईपणातूनही निघते, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून दरवर्षी जवान अधिकारी होतात. पण ती चढण आहे. आधीच वर जाणारी पायवाट असताना चढणीवरून जायची हौस कशाला?

सुट्टीवर आलेल्या जवानाला लोक विचारतात, कुठे आहेस, बर्फ किती, पाकिस्तान दिसतं का. त्याऐवजी त्याला विचारावं की सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत तू रोज काय करतोस. दोन-तीन वेगवेगळ्या दळांतल्या जवानांना हा एकच प्रश्न विचारला तर अर्धं प्रकरण कळतं, आणि कुठल्याही अकॅडमीची फी लागत नाही. दलालांची तर अजिबातच नाही. अर्जाला २५० रुपये भरावे लागतात, त्यापलीकडे जो पैसा मागेल तो चोर.

मात्र मी बोललो त्या बहुतेक पोरांच्या बाबतीत कॅफेतला प्रश्न उशिराच आलेला होता. टेक्निकल भरायचं तर बारावीला सायन्स हवं, आणि अकरावीला बऱ्याच जणांनी आर्ट्‌स घेतलेलं असतं. कारण सायन्सचं कॉलेज तालुक्याला, एसटी सकाळी सातची, प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत, मग धावायचं कधी? आर्ट्‌सला हजेरी सैल असते, पोरं मैदानावर मोकळी राहतात. भरतीसाठीच आर्ट्‌स घेतलं, असं ती अभिमानाने सांगतात. म्हणजे जूनमध्ये, सोळाव्या वर्षी, अर्जाच्या दोन वर्षं आधी, यादीतली निम्मी नावं त्यांनी स्वतःच खोडलेली असतात. दहावीला ५० टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात ४०-४० असलेल्याला आणखी एक वाट असते, दोन वर्षांचा आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स असे ट्रेड टेक्निकलला चालतात. सगळे चालत नाहीत, यादी भरतीच्या जाहिरातीत छापलेली असते आणि ती प्रवेश घेण्याआधी वाचायची असते. आयटीआय बहुतेक तालुक्याच्या गावात आहे. सकाळी पळून झाल्यावर तिथे पोचता येतं.